पिवळी पाखरं आणि माझे वडील

लग्नानंतरचा माझा पहिलाच हिवाळा. मानवतजवळच्या माझ्या सासरी ज्वारी हुरड्यात आली होती आणि वडील गंगाखेडहून हुरडा खायला येणार होते. लेकीच्या घरचं खायचं नाही, असा त्यांचा हेका. मागं एकदा आले तेव्हा पाणीसुद्धा दारात उभ्यानं प्यायले. या वेळी कसेबसे तयार झाले, तर पिवळ्याधमक पोटाच्या, काळ्या डोक्याच्या पाखरांनी हुरड्यासाठी राखलेला ज्वारीचा तुकडाच फस्त करायला घेतला.

मी गोफण उचलली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या, “ठेव खाली! सुगरण हाय ती. संसारवालीला धोंडा मारतेत का?”

सुगरण पिवळी असते, खरंय. घरटं बांधतो नर आणि नाव होतं बायकोचं. मला तर हा व्यवहार फार आवडतो. पण तो पिवळेपणा पावसाळ्यापुरता. विहिरीवरच्या बाभळीतले सगळे नवरदेव दिवाळीपर्यंत चिमणीसारखे मळकट झालेले मी पाणी शेंदताना पाहिले होते. मग भर थंडीत ही हळद कुणाच्या अंगाला?

“आत्याबाई, घरटं दाखवा हिचं,” मी साळसूदपणे म्हणाले. “दाखवलंत तर गोफण चुलीत घालते.”

बिचाऱ्या दिवसभर बांधाबांधानं हिंडल्या. बाभळीतली जुनी घरटी रिकामी लोंबत होती, पिवळं पाखरू एकही तिकडं फिरकेना. सांजेला थवाच्या थवा डोक्यावरून निघून गेला.

“थंडीत येतेत, खातेत, जातेत. सुगरण न्हाई ही,” त्यांनी कबूल केलं. मी गोफणीकडे हात नेला, तशा त्या पुन्हा कडाडल्या, “पाव्हणे हायेत. पाव्हण्याला तर मुळीच मारायचं न्हाई!”

त्या पाव्हण्यांना भारीट म्हणतात, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. तेव्हा मी नुसती धुमसत बसले.

दुसऱ्या दिवशी वडील आले. कणसं भाजायच्या आगटीजवळ अवघडून बसले, तळहातावर जरासा हुरडा घेतला. आत्याबाई पाखरं हाकलायला डालड्याचा डबा घेऊन मचाणावर चढल्या होत्या. डबा बडवत त्या ओरडल्या, “बास झालं, पाव्हणे! लय खाल्लं! निघा आता, यष्टी जाईल तुमची!”

वडिलांनी हुरडा अलगद खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले. मला हसू आवरेना आणि रडूही.

आत्याबाई मचाणावरून जवळजवळ घसरतच उतरल्या. “तुमाला न्हाई वो! त्या पाखरांना म्हणलं. तुमी बसा, तुमी घरचे.”

वडील परत बसले. पोटभर हुरडा खाल्ला आणि मग, बसूनच, माझ्याकडं पाणी मागितलं.