पाठमोऱ्या बसणाऱ्या बाई

मालतीबाई पहिल्यांदा आमच्या पेडगावच्या घरी आल्या, तेव्हा मी मांडलेल्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. उंबऱ्याजवळ पोतं अंथरलं आणि माझ्या नातीकडं चक्क पाठ करून बसल्या. मला वाटलं, परभणीच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या एवढ्या मोठ्या प्राध्यापक, आणि पोरीचं तोंडसुद्धा बघेनात!

माझी रुक्मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बोलणं मोजकं, नजरेला नजर नाही, कुणी हात धरला की किंचाळायची. बाई त्याला स्वमग्नता म्हणत. अशी मुलं चारचौघांत कशी वावरतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. माझी काळजी आपली घरची. दिवाळी झाली की मुलगा-सून ऊसतोडीला जाणार. रुक्मीला फडावर न्यायचं, की माझ्याजवळ ठेवायचं? मी शेळ्या घेऊन रानात गेले, तर मागं तिला कोण?

शेजारची गयाबाई म्हणायची, "जिजी, लय लाडावून ठेवलीस. दोन रट्टे दे, मग बघ कशी बोलती."

मी बाईंना म्हणाले, "हिला चार माणसांत बसायला शिकवा."

"शिकेल हो काकू, तिच्या चालीनं. आधी त्या चार माणसांना शिकवू."

आणि बाई खरंच गल्लीत दारोदार फिरल्या. "समोरून अंगावर जाऊ नका. बाजूला, पाठ करून बसा. एकदाच विचारा, नि थांबा."

गयाबाई फणकारली, "थांबू तरी किती? चुलीवर भाकर हाय माझी!"

"मग भाकर उलटून या. तिचं उत्तर कुठं पळून चाललंय?"

गयाबाई हसण्यावारी नेत आली, पोत्यावर पाठमोरी बसली. "रुक्मे, पाणी देती का गं?" म्हणाली आणि भाकर उलटायला गेली. परत येऊन बघते, तर पोत्याजवळ भरलेला तांब्या! गटागटा प्याली, पदरानं तोंड पुसलं. "जिजी, तू खुशाल जा रानात. पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल." त्या साली रुक्मी फडावर गेली नाही. नंतरही कधी नाही.

बाई मात्र दर गुरुवारी येतच राहिल्या. गेल्या महिन्यात त्या वारल्याचा फोन आला, तो नेमका गुरुवारीच. रुक्मीनं पोतं अंथरून ठेवलं होतं. मी गयाबाईच्या दारात जाऊन तिला सांगितलं. गयाबाई हातातलं पीठ झटकत आली, पोत्यावर पाठ करून बसली.

"रुक्मे, आपल्या बाई गेल्या गं. आता न्हाई यायच्या."

एकदाच बोलली, नि थांबली. तिच्या घरातून भाकर करपल्याचा वास यायला लागला. पण ती उठली नाही.