मी पाद्रे

बोईसर स्टेशनजवळ, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी स्पॅनिशचा क्लास भरायचा. मी एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात होते. आमचा माल मेक्सिकोला जायचा, म्हणून मी नाव घातलं होतं.

त्या रविवारी मॅडमनी घरच्यांबद्दल बोलायला सांगितलं. स्पॅनिशमध्ये ‘माझे वडील’ म्हणजे ‘मी पाद्रे’. ते ऐकून वर्ग इतका खिदळला की मॅडमनाही हसू आवरेना. मग एकेकाने वाक्यं म्हटली. माझे वडील उंच आहेत. माझे वडील चांगले आहेत.

आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी आईच्या पोटात लाथ घातली होती. सकाळी ती कमरेत वाकून माझ्यासाठी पोहे परतत होती. माझा नंबर आला तेव्हा ‘चांगले’ हा शब्द तोंडातून निघेना.

“मॅडम, मारण्याला काय म्हणतात?”

त्यांनी क्रियापद सांगितलं. मी उभी राहून म्हणाले, “मी पाद्रे पेगा आ मी माद्रे.”

मागे जवळच्या पाम गावचा एक चिकूवाडीवाला बसायचा. त्याला त्यातलं ‘पेग’ तेवढं कळलं. “तुजे पप्पा पेग मारतात काय?” तो हसत म्हणाला.

“नाही. दारूला शिवतही नाहीत,” मी मराठीत म्हणाले. “आईला मारतात.”

आजवर मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मॅडम काहीतरी विचारत होत्या, पण मी पर्स उचलून खाली उतरले.

शेअर रिक्षाने सरावलीला घरी पोचून दार ढकललं तर पप्पा पहिल्या पाळीवरून आलेले होते. सांगलीकडून येऊन त्यांनी वीस वर्षं कंपनीत ऑपरेटरकी केली. बाहेर कधी आवाज चढवला नाही. घरात मात्र त्यांनी आईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होते. आमटी अळणी झाली होती. आईच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. दार तिनेच आतून लोटून घेतलेलं होतं; मार सुरू झाला की शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती आधी दार लावायची.

मी दार सताड उघडलं आणि गॅलरीत ओरडले, “पप्पा आईला मारतायत! या कोणीतरी!”

पप्पा माझ्यावर आले. कुकरचं झाकण माझ्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा आईने मागून पोळपाट घालून त्यांचा खांदा फोडला, मग गुडघा. ते खाली बसले तरी ती थांबली नाही. शेजारच्या खोलीतला बिहारी वेल्डर धावत आला आणि त्याने तिला धरलं. “बस भाभी, मर जाएगा!”

“मरू दे,” आई म्हणाली. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, “तक्रार द्यायचीय का, ताई?” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “लिहा.”

तक्रारीनंतर पप्पा गावी, काकांकडे गेले. परत आले एकदा. आईने साखळी न काढता फटीतून त्यांची पिशवी बाहेर दिली. आता ती एका कंपनीत पॅकिंगला जाते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या उजवीकडे बसते.