अकोल्याहून लावलेले कुलूप

अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळेत श्रावण तायडे यांनी सव्वीस वर्षे एका यंत्राची निगा राखली. सिग्नल जनरेटर हे त्याचे नाव. हव्या त्या कंप्रतेची विद्युत्‌लहर निर्माण करावी आणि तिच्या आधारे इतर उपकरणांची परीक्षा घ्यावी, हे त्याचे कार्य. तायडे सकाळी येत, चपला बाहेर काढत, यंत्र सुरू करत आणि अर्धा तास त्याला हातही लावत नसत. तापल्यावाचून ते खरे बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. त्याची लहर कोठे क्षीण होते, जोडलेली केबल तिचा किती अंश गिळते, हे आकडे त्यांनी स्वतः मोजून काढलेले.

अश्विन सर नवखे अध्यापक म्हणून आले, तेव्हा हे यंत्र त्यांना तायड्यांनीच शिकवले. पुढे सर अकोल्याला गेले. तेथे असे यंत्र नव्हते. म्हणून अमरावतीचेच यंत्र संगणकाद्वारे अकोल्यातून चालवण्याची योजना त्यांनी आखली. तीन महिने ते दर शनिवारी येत, काका काका म्हणत शेजारी बसत, आणि तायडे एकेक आकडा निःशंक मनाने सांगत; सर तो दुरुस्तीच्या तक्त्यात उतरवून घेत. पत्नी पंचफुला एकदा म्हणाली, की योजनेच्या कागदावर तुमचं नाव तरी घालायला सांगा. घरच्या माणसाला असे सांगायचे असते काय, म्हणून तायड्यांनी तो विषय टाळला.

उद्घाटनाच्या दिवशी तज्ज्ञ समिती अकोल्यात बसली. सरांचे निवेदन तायडे प्रयोगशाळेतल्या पडद्यावर ऐकत होते. दुरुस्तीचा हा तक्ता म्हणजे आपल्या तीन महिन्यांच्या संशोधनाचे फळ, असे सर म्हणाले. यापुढे अमरावतीला यंत्रापाशी माणूस लागणार नाही, असेही म्हणाले.

तायड्यांचा हात नकळत यंत्राच्या चकतीकडे गेला. चकती फिरली, आकडा हलला नाही. यंत्राचा ताबा परत हाती घेण्याचे बटण त्यांनी दाबले, तेही निर्जीव. सव्वीस वर्षांत प्रथमच यंत्राने त्यांना ओळख दिली नव्हती.

तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

“काका, पॅनल मीच इकडून लॉक केलं. मधेच तुमचा हात लागला असता तर घोटाळा झाला असता.”

“मले सांगतलं असतं, तं म्या हातच लावला नसता.”

सर म्हणाले, की अकोल्यातल्या पडद्यावर मोजमाप कमी दिसत आहे आणि समिती वाट पाहत आहे. तायड्यांना कारण ठाऊक होते. गेल्या आठवड्यात त्यांनी जुनी केबल काढून लांब केबल जोडली होती. तक्त्यात मात्र जुनीच होती. खोटा आकडा सांगणे सोपे होते. मौन तर त्याहून सोपे.

“लहर अर्धा डेसिबल वाढवा. केबल बदलली हाय.”

अकोल्यात मोजमाप जुळले. पडद्यावर टाळ्या वाजल्या.

“थँक्यू काका, वाचवलंत.”

“आकडा खरा हाय, सर. पन आजपासून मले काका म्हनू नका.”

त्यांनी फोन ठेवला, दाराबाहेर येऊन चपला पायात घातल्या आणि दुपारच्या उन्हात घराची वाट धरली.