सहास चार

गुणोत्तर आम्हाला सातवीत आलं. बाईंनी फळ्यावर बारास आठ लिहिलं, की बाकीची पोरं डोकं खाजवत असायची, मी चारानं भागून तीनास दोन म्हणून मोकळी. दोन्हीकडे एकाच संख्येनं भागा, भाग जाईनासा झाला की थांबा. किंमत बदलत नाही. इतका सरळ कारभार मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता.

घर निर्मळला, पोट केळीच्या वाडीवर. वाटणीत विहीर काकांच्या बाजूला गेली, पाणी मात्र दोघांचं. आमची वाडी मोठी, म्हणून एक दिवसाआड मोटर सहा तास आमची आणि चार तास काकांची. काकांच्या केळी विहिरीला खेटून. आमच्याकडे पाणी लांबून यायचं, रेताड पाटातून. पाणी थांबलं की काही तासांतच तो पाट सुकून जायचा, आणि पाळी सुरू झाली की पहिल्या तासाचं पाणी तोच पिऊन टाकायचा.

एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "एक दिवसाआड कशाला? रोजच चालवू. तीन तास तुझे, दोन माझे. केळी कशाला तहानलेली ठेवायची?"

बाबा म्हणाले, "पाट भिजायलाच तास जातो रे."

"हिशेब तोच आहे. तुझी पोर शिकते ना? तिलाच विचार." मग माझ्याकडे वळून, "पोरी, सहास चार म्हणजे किती गं?"

"तीनास दोन."

"सारखंच ना?"

"सारखंच," मी म्हटलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण पोरीच्या शाळेपुढे बाबांनी हार मानली, आणि मोटर रोज चालू लागली.

त्या उन्हाळ्यात आमच्या शेवटच्या ओळी करपल्या. घड निघाले ते हातात धरायची लाज वाटावी असे. काकांची वाडी हिरवीगार. मी पाटी घेऊन बसले. पाटाचा तास आता एकदा नाही, दोनदा जात होता. पूर्वी दोन दिवसांत झाडांना पाच तास मिळायचे, आता चार. काकांना आधीही चार, आताही चार. चारास चार, म्हणजे एकास एक. मोठी वाडी आमची आणि पाणी निम्मं निम्मं. काकांना हे ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. गोड बोलून केसानं गळा कापला त्यांनी.

पाटी बाबांना दाखवली. त्यांनी नीट पाहिली, समजलीही. काकांकडे जाऊन आले. काका एवढंच म्हणाले होते, "तुझ्याच पोरीनं सांगितलं होतं."

भावाशी भांडण नको, गावात तमाशा नको. मग वड्याचं तेल वांग्यावर. बाबा आईला म्हणाले, "शिकून काय दिवे लावले? सातवी पुरे झाली."

मी रडले, जेवले नाही. मला शाळेत पाठवा म्हणून बाईही घरी येऊन सांगून गेल्या. बाबांनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी आईबरोबर वाडीत गवत काढत होते. पाण्याची पाळी पूर्ववत सहास चार झाली होती. पाऊस लागल्यावर ती बदलायला काकांनी हरकत घेतली नाही. मग मला परत शाळेत का घातलं नाही, हे मी बाबांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "आता वाडीला तुझी सवय झालीय."