क्लीनअपमध्ये घोळ

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंत माझं. चहा करू का किस्से सांगू? आमच्या ऑफिसात किस्से मोरीतल्या भांड्यांसारखे साचतात, आणि घासायला मीच. ऐका पटापट, मला एका जागी बसवत नाही.

*

कॉम्प्युटरच्या पोटात खोटा कॉम्प्युटर चालवायचा, हा आमच्या लोकांचा धंदा. खोट्याला खोटंच नेटवर्क कार्ड. खोटा बंद केला की कार्डही जायला हवं. ते जाईना, आणि त्याच्यापायी पुढचा सुरू होईना. मी विचारलं, "खऱ्याचं काय वाईट चाललं होतं?" त्यांनी चहा मागितला.

*

एकदा टीमचे साहेब कौस्तुभ सगळ्यांसमोर ओरडले, "क्लीनअपमध्ये घोळ आहे!"

चौथी नापास असलो तरी क्लीनअप म्हणजे सफाई, एवढं कळतं. सफाई मी करतो. फडकं आपटलं आणि म्हटलं, "अकरा वर्षं झाडतोय. कचरा कुठाय, दाखवा."

सगळे हसले. कौस्तुभ नाही हसले.

*

त्यांच्या डोक्यात भरलं, सर्व्हर रूम झाडताना मीच वायर ओढतो, म्हणून ते खोटं कार्ड अडकतं. तिथली किल्ली काढून घेतली. दारावर कागद: 'सफाई कर्मचाऱ्यांना प्रवेश बंद.' जो तो विचारायचा, "काका, आज कुणाची वायर?" त्या दारावरून मी दिवसाला वीस फेऱ्या मारायचो. हात सारखा कमरेला जायचा. तिथं किल्ली नाही.

*

टीममधल्या वैदेही मॅडम नागपूरच्या. मीटिंगच्या टेबलावर कालचे कप बघून म्हणाल्या, "काका, हे काऊन नाही उचलले?"

"मीटिंग संपली की उचलायचे, हा तुमचाच नियम. कालची सुरू होता होताच मोडली. संपली कुठं?"

मॅडम कपांकडे बघत राहिल्या आणि पळाल्याच. खोट्या कॉम्प्युटरचंही तेच होतं म्हणे. सुरू होता होता मोडला, तर कार्ड उचलायला कुणी यायचंच नाही. संध्याकाळपर्यंत दुरुस्त. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, काकांचा काही संबंध नव्हता.

कागद दारावर तसाच.

*

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ पाहुण्यांना सर्व्हर रूम दाखवायला घेऊन गेले. मी ट्रे घेऊन दाराबाहेर, कागदाशेजारी. एकदम सगळे स्क्रीन काळे.

"काका!" कौस्तुभ ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या दोन्ही हातांत ट्रे. वायर साहेबांच्या बुटात.

त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, "काका, इथं जरा झाडून घ्या."

मी म्हटलं, "प्रवेश बंद आहे."

किल्ली त्याच दिवशी टेबलावर आली. माफी अजून यायचीय. कौस्तुभची.