गाडी विकायची, पण मी मागे बसणार

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोटारसायकल कायमची बंद सांगितली. मी लगेच गाडी विकायला काढली. नंदुरबारात माझी मिरची-हळद दळायची चक्की आहे. तिच्या शेडमध्ये उभी राहून गाडी मिरचीच्या धुळीनं लाल होत चालली होती. वापरायची नसलेली वस्तू जागा अडवते, यापलीकडे मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं.

विमा संपलेला होता. तो मी आधी भरला आणि मगच लोकांना सांगितलं. ह्यांना ते पटलं नाही.

"इकाना बैलले झूल काबर?" खाटेवरून आवाज आला.

विकायच्या बैलाला झूल नको, हे मलाही कळतं. पण बैल बघायला आलेला माणूस त्याला गावभर पळवून आणत नाही. गाडी बघायला आलेला मात्र चक्कर मारल्याशिवाय बोलणीच करत नाही. त्या चकरेत त्यानं कोणाला उडवलं, तर कागदावर नाव ह्यांचं. म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्या. विमा चालू हवा. येणाऱ्याचं लायसन्स मी बघणार. आणि चाचणीला तो एकटा जाणार नाही, मी मागे बसणार.

पहिला आला तो कॉलेज संपवलेला तरुण. गॉगल, पायात पांढरे बूट. लायसन्स दाखवलं, किल्ली घेतली आणि मी पदर खोचून मागे बसायला लागले तसा तो उतरलाच.

"काकू, तुम्ही येणार?"

"गाडी माझी आहे. मीच येणार."

"मी एकटा पटकन जाऊन येतो ना, चौकापर्यंत."

"मग मला घेऊन पटकन जाऊन ये."

तो मला घेऊन चौकापर्यंत गेला, इतका हळू की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. परत आल्यावर म्हणाला, गाडी मस्त आहे, घरी विचारून सांगतो. त्याच्या घरचे अजून विचारच करत असतील. ह्यांना हसायला तेवढं कारण पुरलं.

मग ती आली. काठी गावाच्या बाजूला डोंगरात एक आरोग्य उपकेंद्र आहे, तिथली नर्स. तिशीची असेल. एकटीच आली होती, आणि मी मागायच्या आधी लायसन्स तिच्या हातात होतं. हेल्मेटही स्वतःचं आणलेलं.

"स्कूटी का नाही घेत?" मी विचारलं.

"चाकं लहान, ताई. दगडावर उडते."

तिचं काम तिनं दोन-चार वाक्यांत सांगितलं. जीप जिथे थांबते तिथून पुढचे पाडे पायी. खांद्यावर लशींचा डबा. ती पोचेपर्यंत ऊन चढतं आणि आया पोरांना घेऊन शेतात निघून गेलेल्या असतात. मग ती लस तशीच परत आणायची आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. गाडी असली की ती आया घरात असताना पोचणार होती. एवढ्यासाठी गाडी. सांगताना सुरात तक्रार नव्हती. रस्ता कसा आहे हे सांगावं तसं सांगितलं.

मी माझी अट सांगितली. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, राग नका मानू, वजन किती तुमचं?"

खाटेवर ह्यांना ठसका लागला. मी खरं वजन सांगितलं.

"छान," ती म्हणाली. "माझ्यासोबत फिरणारी आशाताई आणि डबा मिळून तेवढंच भरतं. बसा."

आयुष्यात माझ्या वजनाला छान म्हणणारी ती एकटीच.

चौकाकडे ती वळलीच नाही. रेल्वेच्या पुलाकडे निघाली. चढाच्या मधोमध तिनं गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबून थांबली आणि इंजिन बंद केलं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तिनं शांतपणे हात करून त्यांना पुढे काढलं, किक मारली, गिअर टाकला. आवाज वाढला, गाडी पुढे गेली नाही. थोडी मागेच सरकली. तिनं पाय टेकून सावरली, पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. इतकी वर्षं ह्या गाडीवर मी भाजी आणली, लग्नाला गेले, पण चढावर उभं राहून पुन्हा निघायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. आमचा सगळा मुलूख सपाट.

घरी आल्यावर तिनं सरळ सांगितलं, "क्लचप्लेट गेली आहे. सपाटीवर कळत नाही. वरती भरल्या गाडीनं मी घाटात मागे येईन."

"आमले तर कधी तरास नही झाया," हे म्हणाले.

"नसेलच झाला, भाऊ. इथे चढ कुठे आहे?"

गाडीतला दोष सापडला की घेणारा तो धरून भाव पाडतो. हिनं तसं केलं नाही. म्हणाली, "प्लेट टाकून घ्या. किमतीचं त्यानंतर बोलू, आणि पैसे मी परत पुलावर चढवून बघितल्यावर देईन. दुरुस्ती आणि भाव, दोन्ही एकदम नको."

तिथे मला ती आवडली.

मी प्लेट बदलून घेतली आणि तिला बोलावण्याआधी फोनवर शेवटची अट सांगितली. नाव बदलल्याशिवाय किल्ली नाही. आपल्याकडे लोक गाडी विकतात, नाव विकत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकानं कधीची विकलेली गाडी, दंडाचे मेसेज अजून त्यालाच येतात. अर्ज, आरटीओ, मग विमा तिच्या नावावर, यात काही आठवडे जाणार होते. तेवढे दिवस तिला पायीच चढायचं होतं, हे मला माहीत होतं. ती नाही म्हणेल असं मी धरून चालले होते, पण ती हो म्हणाली आणि किंमतही फोनवरच ठरली.

सह्या करायला ती आली तेव्हा ह्यांनी तिच्या बाजूनं तोंड उघडलं.

"तू गाडी इकी ऱ्हायनी का पोर देई ऱ्हायनी?"

"पोर दिधी तरी तिन्हं नाव बदलसच ना!" मी म्हटलं.

नर्स हसली, मग ह्यांना म्हणाली, "भाऊ, मला पण पाड्यावर असंच बोलतात. पोर चांगलं खेळतंय, सुई कशाला टोचते? मी त्यांना सांगते, आजार यायच्या आधीच टोचायची असते, तेच ताई सांगतायत. मी तिथे एक बोलणार आणि इथे वेगळं वागणार का?"

ह्यांनी सही करून पेन तिच्यापुढे सरकवलं. उत्तर मलाही सुचलं असतं, पण तिच्याइतकं चांगलं नाही.

ते आठवडे ती पायी गेली. मध्ये एकदाही फोन करून घाई केली नाही. कागद हातात पडल्यावर मीच फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी ती सकाळच्या एसटीनं हजर. ह्या वेळी पिशवीत दोन हेल्मेट होती.

"दुसरं कोणासाठी?"

"मागे बसणाऱ्यासाठी. आज तुमच्यासाठी. चला, पूल राहिलाय."

गाडी आता तिच्या नावावर, विमा तिच्या नावावर, मी मागे बसायचं काही कारण उरलं नव्हतं. तिला मात्र वजन हवं होतं. मी हेल्मेट घातलं. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या वाऱ्यानं सगळा रस्ता शिंकत होता. त्याच चढावर ती थांबली, इंजिन बंद केलं, रिक्षांना हात करून पुढे काढलं. मी मागचं हँडल घट्ट धरलं. तिनं किक मारली.

गाडी तसूभरही मागे आली नाही. सरळ वर गेली.

पुलापलीकडे तिनं मला उतरवलं, ठरलेले पैसे मोजून दिले, हेल्मेट परत मागून घेतलं आणि तळोद्याच्या रस्त्याला लागली. मागे वळून बघितलं नाही. गाडी चालवताना बघूही नये. मी रिक्षाला हात केला आणि चक्कीवर आले. हे शेडच्या दारातच उभे होते.

"चढली?"

"चढली," मी म्हटलं, आणि गाडी उभी असायची ती जागा झाडायला घेतली.