फादरच्या गाडीचा पट्टा

सांडोरच्या कुठल्याही वाडीत पाण्याचं इंजिन बंद पडलं की बोलावणं ॲन्सेल्मला जायचं. तो आमचा शेजारी, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना माझी जीभ जरा सैल सुटते. विहिरींवरचे रहाट मोडीत निघाले, डिझेलची इंजिनं आली आणि त्यांच्याबरोबर ॲन्सेल्मची मान ताठ झाली. इंजिनाच्या चाकावरून पंपाच्या चाकावर फिरणारा रबरी पट्टा हा त्याचा खास विषय. पट्टा सटकायला लागला की तो राळेची चिमूट मारायचा आणि पट्टा चाकाला धरून फिरायचा. हे बाकीच्यांनाही जमायचं, पण हा ते अशा थाटात करायचा, जसं काही विहिरीत पाणीही यानेच आणून ओतलंय. त्याची बायको फ्लॉसी रोज त्याला जमिनीवर आणायची आणि तो रोज पुन्हा वर चढायचा.

एकोणऐंशी साली आमच्या चर्चला फादर फर्डिनंड आले. आधी ते डहाणूकडच्या पाड्यांवर होते आणि तिथली लांब लांब अंतरं तोडायला त्यांनी एक जुनी, जड मोटारसायकल ठेवली होती. तीच घेऊन ते आले. गाडी दणकट होती, पण मागच्या साखळीवरचं झाकण कधीच गळून पडलं होतं. साखळीचं काळं तेल उडायचं ते थेट फादरच्या पांढऱ्या झग्यावर. आजाऱ्यांना भेटून परतले की झग्याची मागची बाजू बघवायची नाही. म्हाताऱ्या हळहळायच्या, आणि झगे धुणारी क्लेमेंटीन हळहळायच्या पलीकडे गेली होती.

एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर ॲन्सेल्मने चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत जाहीर केलं, की साखळीच काढून टाकू. इंजिनाला पट्टा चालतो तर गाडीला का चालणार नाही? पट्ट्याला तेल लागत नाही, मग उडणार काय? लोक हसले. लोक हसले की याला चेव यायचा. त्याने वसई रोडच्या लेथवरून दोन पुल्या कातून आणल्या, गाडीची दात्यांची चक्रं उतरवली, पुल्या बसवल्या आणि वाडीतल्या इंजिनावर असतो तसला चपटा पट्टा लोखंडी चापाने सांधून वर चढवला. राळेची एक पुडीही फादरच्या हातात दिली. उन्हाळाभर गाडी मांजरासारखी चालली आणि झगा पांढराशुभ्र राहिला. पापडीपासून माणसं गाडी बघायला यायची. ॲन्सेल्म तेव्हा मिस्साला पहिल्या बाकावर बसायचा आणि कम्युनियनला, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घ्यायला, सगळ्यांच्या आधी उठायचा.

जूनमध्ये पट्टा सटकायला लागला. फादरनी त्याला बोलावून सांगितलं, की पावसापुरती साखळी बसवून दे. ॲन्सेल्मने राळ जास्त मारायला सांगितलं. जुलैत फादरनी चर्चच्या दारात पुन्हा सांगितलं. या खेपेला हा म्हणाला, पट्ट्यात काही खोट नाही, तुम्हीच क्लच नीट सोडत नाही. पंधरा वर्षं डोंगरातून गाडी चालवलेल्या माणसाला हा क्लच शिकवत होता. मनातून त्यालाही कळत होतं, पण एवढ्या लोकांनी नावाजलेली गोष्ट आपल्याच हाताने उतरवायची कशी? फादरनी पुन्हा विषय काढला नाही. भांडणाऱ्यातले नव्हते ते.

ऑगस्टमध्ये सॅन्टनची बायको लुसी अंथरुणाला खिळली. सॅन्टनची वाडी ॲन्सेल्मच्या घरापासून तीन वाड्या पलीकडे, केळीची. आमच्याकडच्या जुन्या माणसांची शेवटची मागणी एकच असते, की डोळे मिटायच्या आत फादर यावेत, कपाळाला तेल लावावं, प्रार्थना म्हणावी. लुसीही आठवडाभर तेवढंच मागत होती. एका दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला तेव्हा तिचा मुलगा गॅब्रिएल सायकल हाणत चर्चवर गेला. फादर म्हणाले, मी गाडीने लगेच पोचतो, तू डॉक्टरांना घेऊन ये. गॅब्रिएल तसाच पापडीला गेला.

वाटेत बावखल भरून वाहत होतं. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं खोदलेलं तळं. त्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, पोटरीइतकं. गाडी त्यातून गेली आणि पट्टा भिजला. इंजिन गर्जत होतं, मागचं चाक जागचं हलत नव्हतं. फादरनी राळ मारली, तिचा चिकट लगदा झाला. मग गाडी तिथेच टाकून, पवित्र तेलाची डबी छातीशी धरून, ते चिखलातून चालत निघाले. इकडे लुसी विचारत होती, फादर आले का? सॅन्टन म्हणत होता, येतात. फादर उंबऱ्यावर पोचले तेव्हा तिचा हात अजून गरम होता, पण ती गेली होती.

गावाने पावसाला दोष दिला. फादरनीही ज्याला त्याला एवढंच सांगितलं, की पाणी फार होतं. पट्ट्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. अंत्ययात्रेत ॲन्सेल्मने पेटीला खांदा दिला, तेव्हा सॅन्टनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, आलास, बरं झालं. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी ढकलत घरी आणली आणि मागच्या पडवीत, कोणाला दिसणार नाही अशी उभी केली. चाप तोडून पट्टा खाली पाडला. पुल्या उतरवल्या, जुनी दात्यांची चक्रं रॉकेलने धुऊन परत बसवली, नवी साखळी चढवली. ती किती ढिली ठेवायची हे बघायला त्याने फ्लॉसीला गाडीवर बसवलं. ती बसताच मागचं चाक वर सरकलं आणि साखळीचा ढिलेपणा बदलला. तो बघतच राहिला. वाडीतलं इंजिन आणि पंप दोन्ही चौथऱ्यात पक्के रोवलेले असतात, त्यांच्यातलं अंतर कधी बदलत नाही. गाडीचं चाक तर प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंगवर नाचतं. सुक्या रस्त्यावरही तो पट्टा कधी ना कधी दगा देणारच होता. विहिरीवरची अक्कल त्याने रस्त्यावर चालवली होती.

आणि शेवटी त्याने काय केलं? तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा वाकवला आणि साखळीला झाकण केलं. संध्याकाळच्या आत काम झालं. झग्यावर पुन्हा थेंब उडाला नाही. एवढंच करायचं होतं. ते झाकण हातात धरून तो पडवीत खाली बसला आणि रडला. हे मला पुढे फ्लॉसीने सांगितलं.

पापाची कबुली द्यायची तर फादर फर्डिनंडच्याच जाळीपुढे गुडघे टेकायला हवे होते. ज्या माणसाला दोनदा उडवून लावलं, त्यालाच काय सांगणार? म्हणून हा शहाणा माणिकपूरच्या चर्चला गेला. तिथल्या अनोळखी फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्त म्हणून नेहमीसारख्या प्रार्थना म्हणायला दिल्या नाहीत. म्हणाले, त्या घरी जा आणि जे मला सांगितलंस ते त्यांना सांग. जवळच्या फादरना चुकवायला म्हणून लांब गेला, तर त्याला अवघडातलं अवघड काम मिळालं.

ते काही त्याच्याकडून होईना. दोन-तीनदा सॅन्टनच्या कुंपणापर्यंत गेला आणि केळीचे भाव विचारून परत आला. प्रायश्चित्त पुरं केल्याशिवाय कम्युनियन घ्यायची त्याला लाज वाटायची. तो शेवटच्या बाकावर बसायला लागला आणि सगळे रांगेत उभे राहिले की गुडघ्यांत मान घालून तिथेच थांबायचा. आमच्या गावात रांगेसाठी कोण उठलं नाही हे वेदीपेक्षा जास्त निरखून पाहिलं जातं. कोणी म्हणालं, याने कोणाला तरी फसवलं. कोणी म्हणालं, प्यायला लागला. मुलीच्या लग्नातही तो उठला नाही तेव्हा फ्लॉसी मांडवामागे जाऊन रडली. तरी त्याचं तोंड उघडलं नाही. लाज माणसाला सुधारते म्हणतात. याला तिने नुसतं आतल्या आत कोंडून घातलं. वर्षं गेली, फादर फर्डिनंडची बदली झाली, ते गाडी घेऊन निघून गेले.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सॅन्टनच्या विहिरीवरचं इंजिन अडलं. म्हातारा स्वतः काठी टेकत ॲन्सेल्मला बोलवायला आला. दोघे विहिरीवर गेले. ॲन्सेल्म पट्टा सांधायला बसला, सॅन्टन चौथऱ्यावर टेकला.

"लोकं सांगतात तू कम्युनियन घेत नाय," सॅन्टन म्हणाला. "लुसी गेल्यापासून."

ॲन्सेल्मच्या हातातला चाप खाली पडला. तो उचलायला वाकला आणि वाकूनच बोलला, कारण वर बघून त्याला बोलता आलंच नसतं.

"काका, फादरनी मला दोनदा सांगितलं होतं, साखळी बसव म्हणून. मी ऐकलं नाही. काकीला फादर मिळाले नाहीत ते माझ्यामुळे."

सॅन्टनने काठी बाजूला ठेवली.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा फादर तुला सांगत होते तवा मी चर्चच्या पायरीवरच बसलेलो."

ॲन्सेल्मने विचारलं, मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?

"तू येशील म्हणून थांबलो. फादर त्या दिवशी उशिरा आले, पन चिखलातून चालत तरी आले. तुला तीन वाड्या ओलांडता आल्या नाय. मलाच यायला लागलं."

चाप अजून खालीच पडला होता. म्हाताऱ्याने वाकून तो उचलला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता सांध लवकर. केळी सुकतात."